बंदूक दुरुस्ती छंद म्हणून शिकायची आहे. सांगली-साताऱ्यात जमेल का?

टूलरूमवाला
नमस्कार मंडळी. मी कुपवाड एमआयडीसीत टूलरूमला आहे. लेथ, मिलिंग, सरफेस ग्राइंडर हे रोजचंच. गाव शिराळ्याकडं. रानडुकरांच्या त्रासामुळं वडिलांच्या नावावर पिकाच्या रक्षणासाठी बारा बोअरची डबल बॅरल आहे, लायसन्स चालू आहे. यंदाच्या पावसाळ्यात ती कॅनव्हासच्या कव्हरात माळ्यावर होती. दिवाळीच्या साफसफाईत काढली तर एका नळीवर तांबूस बुरा धरलेला आणि दस्त्याच्या मानेपाशी लाकूड काळं पडून मऊ झालेलं.

रात्री व्हिडिओ बघत बसलो. परदेशातली माणसं जुन्या बंदुका खोलून, घासून, नवा दस्ता बसवून अगदी नव्यासारख्या करतात. वाटलं, हे काम आपल्या हाताचं आहे. तर प्रश्न असे:
आपल्याकडं हे शिकवणारा कुणी आहे का? घरी छंद म्हणून करता येतं का? सुरुवात कुठून करायची?

वडूजकर
घरी सांगितलंय का, का बायकोला हा धागा वाचून कळणार?

हळदीबाजार
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

कोर्टाची_पायरी
आधी कडू औषध देतो, मग बाकीच्यांनी गोड बोलावं.

शस्त्र अधिनियम १९५९, कलम ५. बंदूक बनवणं, विकणं, तिच्यात फेरफार करणं याच रांगेत 'दुरुस्ती' आणि 'चाचणी' हेही शब्द आहेत. म्हणजे त्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो. वडिलांकडं आहे तो बाळगण्याचा परवाना, दुरुस्तीचा नव्हे. नळी कापून आखूड करणं तर कलम ६ मध्ये वेगळंच सांगितलंय. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना उत्पादन-विक्रीच्या गुन्ह्याला किमान ७ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप आहे. 'मी छंद म्हणून करत होतो' हे वाक्य कोर्टात म्हणून बघा, स्टेनोसुद्धा मान वर करून बघेल.

दुसरं असं की बंदूक वडिलांच्या नावावर आहे, तुमच्या नाही. कलम ३ च्या परंतुकात एक सोय दिलीय. लायसन्सधारक सोबत असेल किंवा त्याने लेखी अधिकार दिला असेल, तर दुसरा माणूस बंदूक दुरुस्तीला किंवा लायसन्स नूतनीकरणाला घेऊन जाऊ शकतो. म्हणजे वडिलांचं पत्र घेऊन परवानाधारक दुकानदाराकडं नेणं, इतकंच तुमच्या हातात आहे.

रानमेवा
वकीलसाहेब, मग काय बंदूक पुसायची पण नाही? आमचे आजोबा दर खंडेनवमीला वसरीवर बसून बंदूक उघडायचे, नळीत गज घालून चिंधी ओढायचे, तेल लावायचे. पंचक्रोशीत कुणी काही म्हणालं नाही.

कोर्टाची_पायरी
आजोबा लायसन्सधारक होते ना? मग ती निगा झाली, आणि निगा राखायलाच पाहिजे. मी बोलतोय ते घोड्याची स्प्रिंग बदलणं, चाप हलका करणं, नळी उतरवून नवी बसवणं याबद्दल. नेमकी रेघ कुठं पडते यावर दोन वकील दोन मतं देतील. मग तुम्ही कशाला मधे उभं राहता?

टूलरूमवाला
म्हणजे धागा इथंच बंद करावा का?

मेजर_अपशिंगे
बंद कशाला करतोस लेका.

मी फौजेच्या ईएमईत, म्हणजे यंत्रं-हत्यारं दुरुस्त करणाऱ्या शाखेत, आर्मरर होतो, म्हणजे हत्यारांचा कारागीर. हवालदार म्हणून निवृत्त झालो, पण गावात सगळे मेजर म्हणतात, तेच नाव इथं घेतलंय. एसएलआर, इन्सास, एलएमजी, जुन्या थ्री-नॉट-थ्री, सगळी हत्यारं या हातांखालून गेली. तुझा दुसरा प्रश्न वकीलसाहेबांनी सोडवला. पहिल्याचं उत्तर असं की हे काम रीतसर शिकायचं तर फौजेत, निमलष्करी दलात नाहीतर पोलिसांच्या शस्त्रागारात आर्मरर म्हणून भरती होऊनच. बाहेर परवानाधारक गनहाऊसमध्ये म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली कोण राहील तो शिकेल. छंदवर्ग नाही.

आता तिसरा. तू व्हिडिओत बघितलेलं खोलणं-जोडणं हे शेवटचं काम. पहिलं काम स्क्रू ड्रायव्हर.

हसू नकोस. जुन्या चांगल्या बंदुकीच्या स्क्रूची खाच नखाएवढी बारीक असते. बाजारातल्या ड्रायव्हरचं टोक पाचरीसारखं निमुळतं. ते खाचेच्या तळाला टेकतच नाही, वरच्या कडांवर बसतं. जोर लावला की उसळतं आणि खाच खाऊन टाकतं. आर्मरर प्रत्येक स्क्रूसाठी टोक घासून दोन्ही बाजू समांतर करतो. खाचेत घातल्यावर ते हलता कामा नये. इंग्लिश बनावटीच्या भारी दुनळीत तर सगळ्या खाचा नळीच्या रेषेत जुळवून ठेवलेल्या असतात. एखादी तिरकी दिसली की समजायचं, आधी कुणीतरी हात घातलाय. आम्ही हत्यार हातात घेतल्यावर, ते रिकामं आहे हे बघून झालं की, आधी स्क्रू बघायचो.

तुझ्याकडं सरफेस ग्राइंडर आहे. आधी असा एक संच बनव. त्याला लायसन्स लागत नाही.

टूलरूमवाला
काका, हे वाचून अंगावर काटा आला. उद्याच करतो. आणि ते काळं पडलेलं लाकूड?

मेजर_अपशिंगे
कव्हरात उभी ठेवली होती ना, नळी वर करून? मारलेलं सगळं तेल वर्षानुवर्षं खाली झिरपून दस्त्याच्या मानेत मुरलं. तेलानं लाकूड कुजल्यासारखं मऊ होतं. तेल नावापुरतं लावायचं आणि बंदूक ठेवायचीच तर नळी खाली करून. कॅनव्हास-चामड्याच्या कव्हरात पावसाळ्यात कधीच नाही, ते ओल धरतं. कोयनेकडची माणसं हे जाणतात, तुम्ही शिराळकर विसरलात.

आणि दस्ता वडिलांच्या पत्रानं दुकानदाराकडं दे. तिथं बसून बघ, चहा पाज. निम्मं शिक्षण तिथंच होईल.

हळदीबाजार
बाळबोध शंका. बारा बोअर म्हणजे बारा माणसं बोअर झाली की काय?

वडूजकर
तुझ्या एकट्याच्या प्रतिसादानं होतात.

एक पौंड शिशाचे सारखे बारा गोळे केले, तर त्यातला एक जेवढा जाड होईल तेवढी नळी. साधारण साडेअठरा मिलिमीटर. सोळा बोअर म्हणजे सोळा गोळे, म्हणून आकडा मोठा आणि नळी बारीक.

कोलोरॅडोकर
मूळचा वाईचा, सध्या अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यात डेन्व्हरजवळ. टूलरूमवाल्यांनी बघितलेले व्हिडिओ बहुतेक इकडचेच असणार, म्हणून थोडं सांगतो.

इथं आपल्या मालकीच्या बंदुकीवर आपण काम करायला संघराज्याचा परवाना लागत नाही. लोकांच्या बंदुका धंदा म्हणून दुरुस्त करायला घेतल्या की लागतो. राज्याराज्यात नियम बदलतात. म्हणून इथं गॅरेजमधले हौशी कारागीर आहेत, आणि शिकायला कॉलेजही. आमच्याच राज्यात ट्रिनिडाड गावच्या कॉलेजात १९४७ पासून हा अभ्यासक्रम आहे. व्हिडिओ बघताना तो कुठल्या कायद्याखाली बनलाय हे पडद्यावर येत नाही, घोळ तिथं होतो.

माझे एक निवृत्त शेजारी जुन्या रायफलींना अक्रोडाचे दस्ते बसवतात. त्यांचं काम तासन्‌तास बघितलंय. लोखंडी भागाला दिव्याची काजळी धरायची, तो लाकडाच्या खोबणीत दाबायचा, उचलायचा. जिथं काळा ठसा उमटला तिथं लाकूड उंच आहे. तेवढंच पटाशीनं खरवडायचं. परत काजळी, परत दाबायचं. शेवटी ठसा सगळीकडं सारखा यायला लागतो आणि लोखंड-लाकडात कागद जाईल एवढीसुद्धा फट राहत नाही.

टूलरूमवाला
अहो, हे तर आमचं ब्लू मॅचिंग! लेथचा बेड स्क्रॅप करताना आम्ही निळा रंग लावून असंच बघतो. तिथं काजळी, इथं ब्लू, एवढाच फरक.

कोलोरॅडोकर
अगदी तेच. म्हणून म्हणतो, तुमचं निम्मं शिक्षण झालेलं आहे.

कृष्णामाई
मी जरा वेगळा सूर लावते. राग नको.

इतकी कौतुकं कशाची चाललीत? शेवटी जीव घ्यायचं साधन आहे. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणारे बघितलेत मी. छंदच हवा तर घड्याळं दुरुस्त करा, शिलाई मशीन करा.

रानमेवा
ताई, वरातीत बार काढणाऱ्यांसाठी आता कायद्यात वेगळी शिक्षा आहे, २ वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड. पण आमच्या मक्यात रात्री पंचवीस-तीस डुकरांचा कळप शिरतो तेव्हा घड्याळ दुरुस्त येऊन उपयोग नाही हो. आवाज तरी काढावा लागतो.

कृष्णामाई
आवाजाला फटाके आहेत. शिवाय रानडुक्कर मारायलाही वनखात्याच्या परवानगीचे नियम आहेत, ते तुम्हाला माहीत असणारच. माझा मुद्दा शेतकऱ्याबद्दल नाही, हौसेबद्दल आहे.

मेजर_अपशिंगे
ताईंचं अगदीच खोडून काढत नाही. आर्मररच्या हातून हत्यार सुटतं तेव्हा ते फक्त समोरच्यावर चालावं, चालवणाऱ्यावर नाही, एवढंच आमचं काम. नीट न सांभाळलेली बंदूक सांभाळलेल्या बंदुकीपेक्षा जास्त घातकी असते, हे मात्र लक्षात घ्या.

संचालक
एक प्रतिसाद उडवला आहे. नळी कशी बनवायची, 'देशी' बंदूक कुठं मिळते असल्या चौकशा इथं चालणार नाहीत. पुन्हा दिसली तर आयडी जाईल.

मिरजेचा_बंडू
सगळे अमेरिकेपर्यंत जाऊन आले, पण कुणाला मिरज दिसली नाही?

मिरजेत सतार-तंबोरे बनवणारी घराणी आहेत ना, ती मुळात शिकलगार. म्हणजे हत्यारांना धार लावणं, पाणी चढवणं, दुरुस्ती करणं हा धंदा. संस्थानी फौजांचे दिवस सरले, तलवारीला गिऱ्हाईक उरलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांनी हात वाद्यांकडं वळवला. पटवर्धन सरकारांचा आश्रय मिळाला, आणि पुढं अख्खी गल्ली सतारमेकर झाली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

म्हणजे टूलरूमवाले, बंदूक-तलवारीचा हात लाकडावर आणि तारेवर कसा चालतो याचा दाखला तुमच्यापासून सायकलच्या अंतरावर आहे. कुणी ओळखीचा असेल तर दुपारी जाऊन बसा. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, जवारी काढताना बघा, म्हणजे तारेचा आवाज खुलावा म्हणून ती घासताना. हाडाच्या त्या पट्टीवर कानस जेमतेम फिरवायची, तार लावायची, छेडायची, ऐकायची, तार काढायची, परत एक हलका हात. केसाएवढं जास्त गेलं तर तार मुकी होते आणि पट्टी नवीन.

वडूजकर
बंडू, आज पहिल्यांदा तुझा प्रतिसाद शेवटपर्यंत वाचला.

कृष्णामाई
+१. हा छंद मला मान्य आहे.

गायन_समाज
भोपळे कुठून येतात तेही लिहा की. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे. आणि चांगला भोपळा मिळायला हल्ली किती त्रास आहे ते कारागिरांनाच विचारा.

हळदीबाजार
बंदुकीवरून भोपळ्यावर आलो. आता थालीपीठ करा.

मेजर_अपशिंगे
आमच्या लहानपणी शिकलगार गावात यायचे नवरात्राआधी. लाख आणि कुरुंदाची सान, चामड्याचा पट्टा ओढून एकजण फिरवायचा, दुसरा पातं टेकवायचा. वाड्यावरच्या तलवारी, घरोघरच्या विळ्या, सगळं एकाच सानेवर. ठिणग्या बघायला आम्ही पोरं शाळा चुकवायचो.

औंधकर
माझा प्रश्न जवळचाच आहे म्हणून इथंच विचारतो. आमच्या वाड्यात एक ठासणीची बंदूक निघाली आहे. पितळी पट्ट्या, नळीवर नागमोडी नक्षी. भाऊ म्हणतो एमरी पेपर मारून चकचकीत करू आणि दिवाणखान्यात लावू. करावं का?

कोर्टाची_पायरी
आधी थांबा. कलम ४५ मध्ये जुन्या घाटाच्या, पुरातन मोलाच्या किंवा दुरुस्त करूनही चालणार नाहीत अशा हत्यारांना सूट आहे. पण तुमची त्यात बसते की नाही हे भावानं ठरवायचं नाही. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र शाखेत अर्ज देऊन विचारा आणि उत्तर लेखी घ्या. शंभर वर्षांपेक्षा जुनी असेल तर १९७२ चा पुरावशेष कायदाही लागतो. देशाबाहेर तर नेताच येणार नाही.

मेजर_अपशिंगे
एमरी पेपर भावाच्या हातातून काढून घ्या. ती नक्षी म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, ठोकून केलेली नळी. वरचा तपकिरी थर हाच तिचा कोट आहे, तो घासला की गेला. सुकं मऊ फडकं, अगदी थोडं तेल, बस्स. सुटलेली पट्टी सुद्धा चिकटवू नका.

आणि टूलरूमवाले, तुझ्या दुनळीवर असली नक्षी असेल तर आत्ताच सांग.

टूलरूमवाला
नाही काका, साधं काळं पोलाद आहे. का?

मेजर_अपशिंगे
मग बरं. पिळाच्या नळ्या काळ्या दारूच्या काळातल्या. आजच्या धूरविरहित दारूचं काडतूस त्यात उडवायचं नाही, नळी फुटते. तसंच जुन्या इंग्लिश बंदुकांची काडतूस बसायची जागा बऱ्याचदा ६५ मिलिमीटरची असते आणि बाजारात ७० ची काडतुसं. तोंड दुमडून बंद केलेलं ७० चं त्यात निवांत बसतं, पण उडाल्यावर उघडायला जागा पुरत नाही आणि दाब वाढतो. तुझी कुठली ते दुकानदाराकडून मोजून घे.

औंधकर
एमरी पेपर लपवून ठेवला आहे. धन्यवाद मेजर.

साताऱ्यात शिवाजी महाराज संग्रहालयात वाघनखं आली तेव्हा, २०२४ मध्ये, एवढी गर्दी उसळली की बाकीच्या हत्यारांकडं फारसं कुणी बघत नव्हतं. मी मुद्दाम परत गेलो होतो. जुनी शस्त्रं कशी राखतात ते बघायला टूलरूमवाल्यांनी एकदा जाऊन यावं.

दहा_मीटर
इतका वेळ वाचत होते. मला वाटतं धागाकर्त्याच्या प्रश्नाचं सरळ उत्तर अजून कुणी दिलं नाही. एअर रायफल!

माझी मुलगी दहा मीटर एअर रायफल खेळते. शेजारच्या कोल्हापूरनं तेजस्विनी सावंत, राही सरनोबत दिल्या, आणि पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिम्पिकमध्ये स्वप्निल कुसाळेनं ब्राँझ आणलं. त्यानंतर आपल्याकडंही पालक चौकशी करायला लागलेत. ४.५ मिलिमीटर बोअर आणि २० ज्यूलपर्यंत ताकद असलेल्या एअर रायफलला शस्त्र परवाना लागत नाही. घेताना ओळखपत्र द्यावं लागतं, आणि ताकद वाढवायच्या भानगडीत पडायचं नाही, ती रेघ ओलांडली की परत वकीलसाहेबांकडं.

त्यात शिकण्यासारखं भरपूर आहे. दहा मीटरच्या निशाण्यावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. एवढ्याशा जागेसाठी दस्त्याची लांबी, गालाची पट्टी, चापाचं वजन, छर्ऱ्यांचा लॉट, सगळं जुळवावं लागतं. आमच्या क्लबात स्प्रिंगवाल्या जुन्या रायफली पडून आहेत. सील गेलेली, स्प्रिंग बसलेली. बघायला माणूस मिळत नाही, पुण्याला पाठवावं लागतं.

टूलरूमवाला
हे भारीच. ताई, क्लबला एखादी रायफल बघायला मी येऊ शकतो का?

दहा_मीटर
या की दादा. पण आमच्या प्रशिक्षकांसमोर. आणि स्प्रिंग सोडवताना तिला धरायचं साधन बनवून आणा. आतली स्प्रिंग दाबलेली असते. नुसत्या हातानं पिन काढली तर स्प्रिंग आणि तिच्या मागचा ठोकळा थेट तोंडावर येतो.

मेजर_अपशिंगे
तुला लेथ आहे, लांब स्क्रूचा क्लॅम्प एका संध्याकाळी होईल. आणि आत पेट्रोलियम तेल सोडू नकोस. हवा दबली की ते पेटतं, डिझेल इंजिनसारखं. धूर येतो, आवाज मोठा होतो, पोरं खूश होतात आणि सील जळतं.

रानमेवा
मेजर, आमच्या पोरानं हेच केलंय. गोडंतेल घातलं.

मेजर_अपशिंगे
मग आता त्यातच भजी तळा.

टूलरूमवाला
आठवड्याचा अहवाल. टर्नस्क्रूचा, म्हणजे मेजरनी सांगितलेल्या स्क्रू ड्रायव्हरचा संच झाला, सिल्व्हर स्टीलचा. टोकं समांतर, पाणी देऊन निळसर होईपर्यंत परत तापवली. वडिलांनी दुनळीच्या स्क्रूच्या खाचा बघितल्या, दोन तिरक्या निघाल्या. आजोबांच्या काळात कुणाचा हात लागला होता हे आता घरात वादाला कारण झालंय. वडिलांना सोबत घेऊन बंदूक परवानाधारक दुकानदाराकडं दिली.

रविवारी क्लबला गेलो. एका रायफलीत जोर नव्हता. स्प्रिंग काढून बघितली, ठीक वाटली. आता पुढं काय बघू?

दहा_मीटर
छर्रा भरायला नळी जिथं वाकवून उघडतात त्या सांध्यावर टिश्यूची बारीक पट्टी ठेवा, छर्रा घाला, निशाण्याच्या पेटीकडं तोंड करून उडवा. पट्टी हलली तर हवा तिथून निघतेय.

टूलरूमवाला
पट्टी उडून थेट प्रशिक्षकांच्या चहात पडली.

मेजर_अपशिंगे
सांध्याचं सील गेलंय. जुनं काढून खोबणीची खोली मोज, सीलची नाही. ते दबून चपटं झालेलं असणार, त्याच्यावर माप घेतलंस तर नवं पण गळेल.